ताटाचा दर आणि ताटाचा खर्च

वाचकाचे पत्र

आमच्या संस्थेचा वार्षिक स्नेहमेळावा तीन महिन्यांवर आला आहे. संध्याकाळचा कार्यक्रम आणि त्यानंतरचे भोजन यांचे अंदाजपत्रक तयार करण्याचे काम यंदा माझ्याकडे आहे. गेल्या वर्षी ते एका सहकाऱ्याने केले होते. त्याचे मूळ अंदाजपत्रक १०० भागांचे मानले, तर त्याने २०० पाहुण्यांच्या जेवणासाठी ४५, सभागृहासाठी २० आणि सजावट, ध्वनिव्यवस्था, छपाई, वाहतूक वगैरेंसाठी ३५ भाग ठेवले होते. प्रत्यक्ष खर्च अनुक्रमे ६३, २४ आणि ३८, म्हणजे एकूण १२५ भाग झाला. सहकारी अतिशय काटेकोर आहे, तरीही आढाव्याच्या सभेत सगळा दोष त्याच्यावर आला. जेवणाच्या बिलात २०० ऐवजी २२१ ताटे लावलेली आहेत आणि बिलाच्या तळाशी १५ टक्के सेवाशुल्क व त्यावर १० टक्के कर आहे. यंदा मंडळाने १२५ भाग मंजूर केले आहेत, पण पाहुणे २५० सांगितले आहेत. एका पुरस्कर्त्याने आणखी १५ भाग देण्याचे तोंडी कबूल केले आहे. गेल्या वर्षीचा तक्ता घेऊन प्रत्येक बाब थोडी वाढवावी, हे बरोबर ठरेल का? तीन केटररची दरपत्रके आली आहेत, पण त्यांची तुलना जमत नाही. आणि रक्कम अपुरी ठरणार असेल, तर ते मंडळाला कोणत्या शब्दांत सांगावे?

– एक कार्यवाह

उत्तर

सप्रेम नमस्कार. तुम्ही आकडे इतके नीट लिहून पाठवले आहेत की उत्तराची अर्धी वाट त्यांनीच मोकळी केली आहे. सुरुवात तुमच्या सहकाऱ्यापासून करते, कारण त्याच्यावर आलेला दोष माझ्या मते अन्यायाचा आहे आणि तो कसा आला हे समजल्याशिवाय तुमचे यंदाचे अंदाजपत्रकही नीट उभे राहणार नाही.

त्याने गुणाकारात चूक केलेली नाही. दरपत्रकावर ताटाचा जो दर छापला होता, त्याला त्याने २०० ने गुणले आणि ४५ भाग मिळवले. परंतु छापलेला दर आणि त्या ताटापोटी शेवटी द्यावी लागणारी रक्कम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दर १०० मानला, तर १५ टक्के सेवाशुल्क धरून तो ११५ होतो, आणि कर मूळ १०० वर न लागता या ११५ वर लागत असल्याने १० टक्क्यांनी आणखी साडेअकरा वाढून ताट १२६.५ ला पडते. ४५ भागांना हाच न्याय लावला की जवळजवळ ५७ भाग होतात. आता २०० ऐवजी २२१ ताटे धरा. ५७ चे ६३ होतात. म्हणजे जेवणावरची सगळी वाढ या दोन कारणांनीच पुरती उलगडते, त्यात उधळपट्टीचा एक कणही नाही. हा हिशेब मंडळापुढे ठेवायलाच हवा.

ती जादाची २१ ताटे कोणाची, याचा शोध घ्या. माझा अंदाज असा की ती पाहुण्यांची नसून काम करणाऱ्यांची असावीत: ध्वनी आणि प्रकाश सांभाळणारे तंत्रज्ञ, छायाचित्रकार, पाहुण्यांना आणणारे चालक, प्रवेशद्वारावरचे स्वयंसेवक. निमंत्रणांच्या यादीत ही माणसे नसतात, म्हणून अंदाजपत्रकातही नसतात, आणि तरीही ती दुपारपासून मध्यरात्रीपर्यंत तिथेच असतात. माझ्या उमेदवारीच्या काळात मी केलेल्या एका कार्यक्रमात त्यांची तरतूदच राहून गेली होती आणि पाहुण्यांसाठीचे अन्न अपुरे पडेल या भीतीने कोणीही त्यांना जेवायला बोलावले नाही. रात्री अकरानंतर खुर्च्या उचलणाऱ्या त्या मुलांचे चेहरे मला अजून आठवतात. तेव्हापासून माझ्या प्रत्येक अंदाजपत्रकात जेवणाच्या शीर्षाखालची पहिली ओळ काम करणाऱ्यांची असते. पुष्कळ केटरर त्यांच्यासाठी साधे आणि कमी दराचे वेगळे जेवण देतात, मात्र ते आधी मागावे लागते. आणि पाहुणे येण्यापूर्वीच ते वाढले जाईल अशी वेळ कार्यक्रमपत्रिकेत राखून ठेवावी लागते.

सभागृहाचे २० चे २४ कसे झाले, ते तुम्ही लिहिलेले नाही. बहुतेक वेळा कारण तासांमध्ये दडलेले असते. आपण पाहुण्यांच्या वेळेनुसार सभागृह घेतो, परंतु सजावटवाले आणि ध्वनियंत्रणावाले त्याआधी चार-पाच तास येतात आणि शेवटचा पाहुणा गेल्यानंतरही आवराआवरीला दोन तास लागतात. म्हणून भाडे विचारताना कुलूप उघडल्यापासून पुन्हा कुलूप लागेपर्यंतचा काळ सांगून विचारावे. त्याच बैठकीत वाढीव तासाचा दर, वीज आणि जनरेटर यांची आकारणी, साफसफाई, वाहनतळ आणि बाहेरचा केटरर किंवा बाहेरचा सजावटकार आणल्यास लागणारे शुल्क, हे सगळे लिहून घ्यावे. काही सभागृहे स्वतःचाच केटरर बंधनकारक करतात किंवा जेवणावर किमान इतका खर्च झालाच पाहिजे अशी अट घालतात. ही अट सभागृहाच्या करारात असली, तरी तिचा भार जेवणाच्या शीर्षावर पडतो, आणि दोन शीर्षे दोन माणसांकडे सोपवलेली असतील, तर ती दोघांच्याही नजरेतून निसटते.

आता तुमच्या पहिल्या प्रश्नाकडे येते. गेल्या वर्षीचा तक्ता घेऊन प्रत्येक बाब थोडी वाढवणे बरोबर ठरणार नाही. त्या तक्त्यात फक्त आकडे आहेत. ते कोणत्या गृहीतकांवर उभे होते, हे त्यात कुठेच नाही. २०० पाहुणे, सहा तास, बुफे, एक व्यासपीठ, एवढे जरी प्रत्येक आकड्याशेजारी लिहिलेले असते, तरी पाहुणे वाढताच कोणते आकडे हलतील आणि कोणते जागच्या जागी राहतील, हे कोणालाही एका नजरेत कळले असते. माझ्या लेखी अंदाजपत्रक म्हणजे गृहीतकांची यादी. तिच्याशेजारची रक्कम ही त्या गृहीतकाची केवळ छाया असते. गृहीतक बदलले की रक्कम बदलणारच, आणि मग वाद माणसांवर न जाता निर्णयांवर होतो. त्यामुळे तुमच्या तक्त्यात ‘बाब’ आणि ‘रक्कम’ यांच्यामध्ये एक रुंद रकाना ठेवा आणि त्यात ही रक्कम कशी काढली ते पूर्ण वाक्यात लिहा.

प्रत्येक बाब कोऱ्या पानापासून पुन्हा सिद्ध करण्याच्या या पद्धतीला शून्याधारित अंदाजपत्रक म्हणतात. ती टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीत आकाराला आली आणि १९७० नंतर सर्वत्र माहीत झाली. ती वेळखाऊ आहे, हे मान्य करायला हवे. तुमच्यासारख्या कार्यक्रमात ती जेवण, सभागृह आणि ध्वनिव्यवस्था या मोठ्या बाबींना लावावी, आणि लेखनसाहित्यासारख्या किरकोळ बाबींसाठी गेल्या वर्षीचा प्रत्यक्ष खर्च घेऊन पुढे जावे. मात्र एक गोष्ट गेल्या वर्षीच्या तक्त्यातून जशीच्या तशी उचला, ती म्हणजे शीर्षे. हॉटेल व्यवसायाने हा धडा फार लवकर घेतला. न्यूयॉर्कमधील हॉटेलचालकांच्या संघटनेने १९२६ साली हॉटेलांसाठी एकसमान हिशेबपद्धती तयार केली, आणि तिचे मोल यातच आहे की एकच खर्च सगळीकडे आणि दरवर्षी एकाच शीर्षाखाली पडतो, त्यामुळे तुलना करता येते. वाढप्यांची मजुरी एका वर्षी ‘जेवण’ आणि दुसऱ्या वर्षी ‘मनुष्यबळ’ या शीर्षाखाली गेली, तर दोन्ही वर्षांचे तक्ते मुके होतात.

या साऱ्या गृहीतकांत पाहुण्यांची संख्या ही सर्वांत वजनदार. तुम्ही २५० लिहिले आहे, पण ते निमंत्रित २५० की अपेक्षित उपस्थित २५०, हे पत्रातून कळत नाही, आणि बहुधा मंडळानेही ते ठरवलेले नसावे. कागदावर तीन संख्या वेगवेगळ्या ठेवा: किती जणांना निमंत्रण गेले, किती जणांनी येतो असे कळवले, आणि केटररला कोणत्या संख्येची हमी दिली. पैसे तिसऱ्या संख्येवर ठरतात. साधारणपणे ही हमीची संख्या कार्यक्रमाच्या ३ ते ७ दिवस आधी द्यावी लागते. त्यानंतर ती वाढवता येते, पण घटवता येत नाही, आणि बिल हमीची संख्या व प्रत्यक्ष ताटे यांतल्या मोठ्या आकड्यावर होते. म्हणून निमंत्रणावर उत्तर कळवण्याची तारीख हमीच्या तारखेच्या किमान एक आठवडा आधीची घाला आणि तो मधला आठवडा, ज्यांनी काहीच कळवले नाही त्यांना एकेक करून फोन करण्यासाठी ठेवा. हे काम कंटाळवाणे आहे खरे, पण अंदाजपत्रकातला सर्वांत मोठा आकडा त्या फोनांनी जितका अचूक होतो तितका दुसऱ्या कशानेही होत नाही. केटरर हमीपेक्षा थोडे अधिक अन्न तयार ठेवतो का, हेही विचारा. अनेक ठिकाणी ३ ते ५ टक्के अधिक तयारी असते, आणि ती असेल तर आपण आपल्या बाजूने पुन्हा वाढवून हमी देण्याचे कारण उरत नाही. आपणही वाढवतो, तोही वाढवतो, आणि शेवटी उरलेल्या अन्नाचे पैसे आपण देतो.

संख्या बदलली की कोणता खर्च कसा हलतो, हे लक्षात घेण्यासाठी प्रत्येक बाबीसमोर एक खूण करा. सभागृहाचे भाडे, व्यासपीठ, ध्वनिव्यवस्था हे स्थिर खर्च. पाहुणे २०० असोत की २५०, ते बहुतेक तेच राहतात. ताट, निमंत्रणपत्र, भेटवस्तू हे माणशी वाढणारे. तिसरा प्रकार मात्र बहुतेकांच्या ध्यानात येत नाही, तो म्हणजे पायऱ्यापायऱ्यांनी वाढणारा खर्च. दहा जणांच्या टेबलांवर २५० पाहुणे म्हणजे २५ टेबले. २५१ वा पाहुणा आला की सव्विसावे टेबल लागते, त्यावर कापड, त्यावर फुले, आणि ते मांडायला आणखी जागा कोठे काढायची हा प्रश्नही उभा राहतो. पाहुण्यांच्या वाहनांचे असेच आहे. चाळीस आसनांच्या गाडीला एकेचाळिसावा प्रवासी परवडत नाही. त्यामुळे संख्या ठरवताना ती अशा पायरीच्या अलीकडे ठेवता येते का, हे पाहावे. चारदोन निमंत्रणांच्या फरकाने अख्खी एक पायरी वाचते.

तीन दरपत्रकांची तुलना होत नाही, याचा दोष केटररांना देऊ नका. आपणच तिघांना तीन वेगवेगळे प्रश्न विचारलेले असतात. एकाला ‘२५० माणसांचे जेवण’ एवढेच सांगितले, दुसऱ्याने बुफे गृहीत धरला, तिसऱ्याने बसवून वाढण्याचा हिशेब केला. बसवून वाढायचे तर वाढपी बुफेपेक्षा पुष्कळ अधिक लागतात, म्हणून तिसऱ्याचा दर साहजिकच चढा दिसतो. तुम्ही एका पानाची मागणीपत्रिका तयार करा. तीत पाहुण्यांची संख्या, पदार्थ किती आणि कोणत्या प्रकारचे, वाढण्याची पद्धत, वाढपी किती हवेत, टेबले, कापड, भांडी आणि पिण्याचे पाणी कोणी पुरवायचे, स्वयंपाक जागेवर होणार की बाहेरून येणार, काम करणाऱ्यांची जेवणे किती, आणि आवराआवरी कोणाकडे, हे सगळे असू द्या. हेच पान तिघांनाही पाठवून नवा दर मागा, आणि शेवटी एकच प्रश्न विचारा: सेवाशुल्क, वाहतूक आणि कर यांसह एका ताटामागे माझ्या हातून एकूण किती रक्कम जाणार? तिघांच्या उत्तरांचा तोच आकडा शेजारी शेजारी ठेवा. छापील दरात सर्वांत स्वस्त असलेला केटरर या रांगेत दुसरा किंवा तिसरा निघणे मुळीच दुर्मीळ नाही. दर किती दिवस बांधील राहील, आणि कार्यक्रम रद्द झाला किंवा पुढे गेला तर कोणत्या तारखेपर्यंत किती रक्कम परत मिळेल, याची उत्तरेही लेखी घ्या. रद्द करण्याचे शुल्क सहसा तारीख जवळ येईल तसे टप्प्याटप्प्याने वाढत जाते आणि अखेरच्या दिवसांत पूर्ण रकमेपर्यंत पोहोचते.

पुरस्कर्त्याचे १५ भाग सध्या जमेच्या बाजूला धरू नका. त्यांच्या शब्दावर अविश्वास दाखवा असे मी म्हणत नाही, पण तोंडी होकार आणि बँकेत जमा झालेली रक्कम यांच्यामध्ये त्यांच्या कार्यालयातली मंजुरी, पत्र आणि तारीख असते, आणि तुमची देणी त्या तारखेची वाट पाहत नाहीत. पत्र हाती येईपर्यंत ही रक्कम तक्त्याच्या तळाशी ‘अपेक्षित’ म्हणून वेगळी लिहा. एखादा पुरस्कर्ता रोख रकमेऐवजी छपाई किंवा फुले देऊ करील, तर तुमच्या अंदाजपत्रकात ती बाब मुळात होती का, ते पाहा. होती, तर तेवढी बचत झाली. नव्हती, तर ती एक छान भेट आहे, उत्पन्न नाही.

आकस्मिक खर्चासाठी राखीव तरतूद ठेवावी का, असे तुम्ही विचारलेले नाही, आणि गेल्या वर्षीच्या तक्त्यातही ती दिसत नाही, म्हणून आग्रहाने सांगते: किमान १० टक्के ठेवा, आणि सभागृह किंवा केटरर तुमच्यासाठी नवा असेल तर १५ टक्क्यांपर्यंत जा. डॅनियल काहनेमन आणि अमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली दाखवून दिले की माणसे आपल्या कामाला लागणारा वेळ आणि साधने सातत्याने कमी धरतात, आणि अशीच कामे पूर्वी लांबल्याचा अनुभव गाठीशी असला तरी तसेच धरतात. तुमचा काटेकोर सहकारी याला अपवाद नव्हता, मीही नाही. मात्र राखीव रक्कम म्हणजे विसरलेल्या बाबींचे गाठोडे नव्हे. वाढीव तास लागणारच आहेत हे माहीत असेल, तर ते सभागृहाच्या शीर्षात लिहायला हवेत. राखीव रक्कम जनरेटर बंद पडला, पाऊस आला, एखादा वक्ता आधीच्या दिवशी येऊन राहिला, अशा गोष्टींसाठी आहे. ती कोणाच्या संमतीने खर्च होईल, हे एका ओळीत लिहा आणि दोन नावे पक्की करा. सजावट अधिक खुलवण्यासाठी तिच्यातून उचल करू देऊ नका. असा मोह शेवटच्या आठवड्यात हमखास होतो.

रक्कम किती याइतकेच ती कधी लागणार, हेही महत्त्वाचे आहे. सभागृहाला आरक्षणाच्या वेळी आगाऊ रक्कम, केटररला ठरल्याप्रमाणे एक हिस्सा आधी आणि उरलेला कार्यक्रमाआधी किंवा त्याच दिवशी, शिवाय सभागृहाची अनामत, जी परत मिळते आणि म्हणून खर्चात धरायची नसते, पण तोवर पैसा अडकून राहतो. तीन महिन्यांचे आठवडे मांडून प्रत्येक आठवड्यात किती रक्कम बाहेर जाणार, ते कोषाध्यक्षांना आजच द्या.

आता तुमच्या १२५ भागांकडे वळते. गेल्या वर्षीच्या बिलावरून सर्व आकारणीसह एका ताटाचा खर्च सुमारे ०.२८५ भाग येतो. यंदा २५० पाहुणे आणि २० काम करणारे मिळून २७० ताटे धरली, तर जेवणाचे ७७ भाग होतात. सभागृहाचे २४ आणि इतर ३८ तसेच ठेवले तर बेरीज १३९, आणि १० टक्के राखीव धरून १५३. हे सर्व गेल्या वर्षीचे दर आहेत आणि इतर खर्चातही पाहुण्यांबरोबर काही वाढ होईलच. नवी दरपत्रके आली की आकडे बदला. पण तूट २८ भागांच्या आसपास आहे, आणि घासाघीस करून ती भरून निघणार नाही, हे एवढ्यावरूनही स्पष्ट होते.

म्हणून मंडळाला ‘रक्कम अपुरी आहे’ असे सांगू नका. त्या वाक्याला ‘भागवा कसेतरी’ हेच उत्तर मिळते. त्याऐवजी तीन पूर्ण पर्याय ठेवा आणि निवड करण्याचा त्यांचा अधिकार त्यांच्या हाती द्या. पहिला पर्याय, २५० पाहुणे, गेल्या वर्षीसारखेच भोजन, खर्च १५३. दुसरा, मंजूर १२५ मध्येच पण तसेच भोजन: यातून राखीव रक्कम बाजूला काढली की खर्चासाठी सुमारे ११४ उरतात, सभागृह आणि इतर मिळून ६२ वजा जाता जेवणाला ५२ राहतात, आणि त्यात काम करणाऱ्यांना धरून साधारण १८० ताटे बसतात, म्हणजे पाहुणे १६० च्या आसपास. तिसरा, १२५ मध्येच आणि २५० पाहुणेही कायम, पण पूर्ण भोजनाऐवजी असा अल्पोपाहार ज्याचा सर्वसमावेशक खर्च ताटामागे एक तृतीयांश कमी असेल. २७० जणांचे ५१ भाग होतात आणि हिशेब जुळतो. पुरस्कर्त्यांचे पत्र आले, तर पहिल्या पर्यायातली तूट २८ वरून १३ वर येते, हेही त्याच पानावर लिहा, म्हणजे ते पत्र मिळवण्याची निकड मंडळातल्या ज्यांची ओळख आहे त्यांना आपोआप जाणवेल.

माझे स्वतःचे मत विचाराल, तर मेळाव्याचा हेतू जुन्या-नव्या सदस्यांनी एकमेकांना भेटणे हा असेल, तर मी तिसरा पर्याय निवडीन, कारण हातात बशी घेऊन उभ्याने हिंडणारी माणसे टेबलाला बांधलेल्या माणसांपेक्षा अधिक जणांशी बोलतात. हेतू काही मोजक्या व्यक्तींचा सन्मान करण्याचा असेल, तर दुसरा पर्याय अधिक शोभेल. म्हणून सभेत पर्याय मांडण्यापूर्वी एकच प्रश्न विचारा: हा मेळावा आपण कशासाठी भरवतो? त्याचे उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या. काटछाट करण्याची वेळ आली की तेच वाक्य तुमच्या कामी येईल.

काटछाट कुठे करू नये, तेही सांगते. वाढपी कमी केले की रांगा लांबतात आणि उत्तम जेवणही पाहुण्यांच्या लक्षात राहत नाही. ध्वनियंत्रणा हलकी घेतली की भाषणे वाया जातात. स्वच्छतागृहांची सफाई, वृद्ध पाहुण्यांना बसायला पुरेशा खुर्च्या आणि चाकाच्या खुर्चीसाठी उतार यांवरच्या खर्चाला कात्री लावू नका. सजावट, छापील पुस्तिका आणि भेटवस्तू या बाबी मात्र निम्म्याने कमी झाल्या तरी क्वचितच कोणाला उणीव भासते, आणि तरीही समितीचा सर्वाधिक वेळ त्यांवरच जातो. त्यांच्यासाठी एक ठोक रक्कम ठरवा आणि निर्णय दोघा-तिघांवर सोपवा.

अंदाजपत्रक मंजूर झाले की त्याच तक्त्यात आणखी तीन रकाने जोडा: करार झालेली रक्कम, प्रत्यक्ष दिलेली रक्कम आणि मूळ अंदाजाशी फरक. यांतला ‘करार झालेली’ हा रकाना दर आठवड्याला भरा, कारण बिल येते तेव्हा निर्णय कधीच होऊन गेलेला असतो. खर्च ज्या दिवशी आपण हो म्हणतो त्याच दिवशी झालेला असतो. कार्यक्रमाच्या दिवशी तोंडी मागवलेली कोणतीही जादा गोष्ट एका वहीत वेळ आणि सही घेऊन नोंदवा, आणि जेवण संपताच केटररच्या व्यवस्थापकाबरोबर बसून ताटांचा आकडा तिथल्या तिथे मान्य करून घ्या. दोन आठवड्यांनी आलेल्या बिलातल्या २१ ताटांबद्दल वाद घालण्यासाठी तेव्हा कोणाकडेच पुरावा उरलेला नसतो.

मंडळाच्या सभेला जाताना दोन पाने न्या. पहिल्यावर तीन पर्याय, प्रत्येकाखाली त्याची गृहीतके, आणि निवडलेल्या पर्यायासमोर तारीख व सह्या यांसाठी जागा. दुसऱ्या पानावर गेल्या वर्षीच्या ४५ चे ६३ कसे झाले, तो हिशेब. तुमच्या सहकाऱ्याला सोबत घेऊन जा, आणि त्याची हरकत नसेल, तर ते दुसरे पान त्यालाच वाचून दाखवू द्या.